साखरपाण्याचा पेला

तीन वर्षांपूर्वीची आषाढी एकादशी. यजमानांना मधुमेह असल्याने ते उपवास करीत नाहीत. खिचडीला आम्ही दोघीच होतो, मी आणि माझी नात. तिचे आईवडील नोकरीनिमित्त परगावी असतात, म्हणून दहावीनंतर ती शिकायला आमच्याकडे साताऱ्याला आली होती. वय १७. उपवास तिने माझ्या आग्रहाने धरला होता, हे आधीच सांगून टाकते. सकाळी साडेनऊला आम्ही साबुदाण्याची खिचडी खाल्ली. साडेबाराच्या सुमारास मी देवापुढे पोथी वाचत बसले असताना ती दारात येऊन उभी राहिली. कपाळ घामाने डबडबलेले, ओठ पांढरे पडलेले, आणि हात इतके थरथरत होते की तिने ते चौकटीला टेकवून धरले होते.

“आजी, मला काहीतरी होतंय.”

मी उठून पेलाभर साखरपाणी केले, त्यात लिंबू पिळले, मीठ घातले. दहा-पंधरा मिनिटांत तिच्या चेहऱ्यावर रंग आला. मी म्हटले, “उपवासाची सवय नाही ना तुला.” तिने मान हलवली. अडीच वाजता पुन्हा तोच प्रकार, आणि पुन्हा माझा साखरपाण्याचा पेला.

मागे वळून पाहिले तेव्हा लक्षात आले की हे काही त्या दिवशी प्रथम घडले नव्हते. महाविद्यालयातून ती अकराच्या सुट्टीत फोन करी आणि म्हणे की डोके हलके झाले आहे, अक्षरे हलतात. कधी जेवून दोन-तीन तास होत नाहीत तोच तिला अशी भूक लागे की ती उभ्या उभ्या बिस्किटांचा पुडा संपवी. दीड वर्षात तिचे वजन नऊ किलोंनी वाढले होते. पाळी दोन-दोन, तीन-तीन महिने येत नसे. हनुवटीखाली राठ केस येऊ लागले होते आणि ते ती आरशासमोर दार लावून उपटत असे. घरी येणारी प्रत्येक आत्या, मावशी, शेजारीण तिला एकच उपदेश करीत होती, “कमी खा.” त्या उपदेशात माझाही आवाज होता. त्यामुळे ती सकाळची न्याहारी टाळू लागली, दुपारी भुकेने दुप्पट खाऊ लागली, आणि तिसऱ्या प्रहरी थरथरू लागली. त्यावर मी साखरपाणी देत होते.

आणखी एक गोष्ट लिहिली पाहिजे. ती लिहिताना मला आजही लाज वाटते. तिच्या मानेवर मागच्या बाजूला आणि काखेत काळसर, मखमलीसारखा जाड थर दिसू लागला होता. मला तो मळ वाटला. चार रविवार मी तिला न्हाणीघरात बसवून डाळीचे पीठ, साय आणि लिंबाची फोड घेऊन तिची मान घासली. चौथ्या रविवारी कातडी सोलवटली. ती रडली नाही, फक्त म्हणाली, “आजी, मी रोज धुते गं.” त्यानंतर ऐन उन्हाळ्यातही ती गळ्याभोवती ओढणी गुंडाळून बसू लागली. छत्तीस वर्षे प्राथमिक शाळेत मुलांची नखे आणि माना तपासलेल्या बाईला घरातल्या मुलीच्या मानेवर काय लिहिले आहे ते वाचता आले नाही.

ते वाचले ग्रंथींच्या विकारांच्या डॉक्टरबाईंनी. आधीच्या दोन ठिकाणी अशक्तपणा म्हणून टॉनिक मिळाले होते. या बाईंनी नातीला खुर्चीत बसवले, ओढणी बाजूला करायला सांगितली आणि मान पाहून म्हणाल्या, “हा मळ नाही. हे शरीरात इन्शुलिन फार झाल्याचं लक्षण आहे.” मी खाली पाहिले.

त्यांनी थायरॉइड आणि प्रोलॅक्टिन तपासले, पुरुषी संप्रेरकांचे प्रमाण पाहिले, साखरेच्या चाचण्या केल्या. उपाशीपोटी साखर ९४ म्हणजे ठीक होती. ७५ ग्रॅम ग्लुकोज पाजून दोन तासांनी १४८ आली, ती १४० च्या आत असायला हवी होती. तीन महिन्यांची सरासरी सांगणारे एचबीए१सी ५.८ होते. ५.७ पासून ६.४ पर्यंतच्या पट्ट्याला मधुमेहाचा उंबरठा म्हणतात. संप्रेरकांचे प्रमाण वाढलेले होते. निदान झाले पॉलिसिस्टिक ओव्हरी सिंड्रोम, म्हणजे मुली ज्याला पीसीओएस म्हणतात तो. मी सोनोग्राफीचे विचारले. त्या म्हणाल्या की या वयात पुष्कळ निरोगी मुलींच्या बीजांडकोशातही तसेच ठिपके दिसतात, म्हणून त्यावर विसंबायचे नसते; अनियमित पाळी आणि वाढलेली पुरुषी संप्रेरके एवढे पुरेसे आहे. त्या ठिपक्यांना सगळे ‘गाठी’ म्हणतात, त्यानेही उगाच घबराट होते. त्या गाठी नसतात. वाढता वाढता अर्ध्यावर थांबलेल्या बीजांच्या त्या पिशव्या असतात.

माझी शंका निराळीच होती. हिची साखर वाढू लागली आहे म्हणता, मग ती उतरते कशी? जिच्या अंगात साखर जास्त, तिलाच साखर कमी झाल्याची थरथर कशी सुटेल?

यजमान बरोबर होते. त्यांच्या कानात यंत्र आहे, आणि तरीही प्रत्येक वाक्य त्यांना दोनदा सांगावे लागते. डॉक्टरबाईंनी तोच दाखला दिला. “आजी, तुम्ही घरी आबांशी मोठ्यानं बोलता ना? तसंच आहे. रक्तातली साखर आत घ्या, असं इन्शुलिन स्नायूंना आणि यकृताला सांगतं. हिच्या स्नायूंना ते नीट ऐकू येत नाही. म्हणून स्वादुपिंड ओरडून सांगतं, म्हणजे दुप्पट-तिप्पट इन्शुलिन सोडतं. सुरुवातीला उशीर होतो, साखर चढते. मग ओरडा इतका वाढतो की साखर आत गेल्यावरही तो थांबत नाही, आणि दोन ते चार तासांनी साखर गरजेपेक्षा खाली येते. आणि घरात एकाला कमी ऐकू येतं म्हणून सगळे ओरडतात, तेव्हा त्रास कुणाला होतो? ज्याला चांगलं ऐकू येतं त्याला. बीजांडकोशाला चांगलं ऐकू येतं. त्या ओरड्यानं तो पुरुषी संप्रेरकं जास्त बनवू लागतो. मानेच्या त्वचेलाही ऐकू येतं, ती जाड होते.”

बाहेर पडल्यावर यजमान म्हणाले, “काय म्हणाल्या त्या?” आम्ही दोघी इतक्या हसलो की बाकावरचे लोक पाहू लागले.

त्या दिवसापासून साबुदाण्याचे कोडेही सुटले. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्टमय पदार्थ. तो भराभर साखरेत उतरतो, साखर उंच चढते, इन्शुलिनचा लोंढा येतो आणि मागाहून घसरण होते. त्या घसरणीवर मी साखरपाण्याचा आणखी एक चढ देत होते, त्याखाली आणखी एक घसरण ठरलेली होती. प्रत्येक पेल्यानंतर ती खरोखरच बरी होई, आणि म्हणूनच माझा उपाय चुकीचा असेल असे मला कधी वाटले नाही.

तरीही डॉक्टरबाईंनी साखर वर्ज्य केली नाही, हे इथे स्पष्ट सांगते, कारण अर्धवट ऐकून कोणी घरातल्या थरथरणाऱ्या माणसाला साखर नाकारायला नको. त्यांनी आधी मोजायला शिकवले. घरी यजमानांचे ग्लुकोमीटर होतेच. थरथर सुटली की प्रथम बोटाची साखर पाहायची आणि वहीत तारीख, वेळ, आधी काय खाल्ले आणि किती वेळापूर्वी, हे लिहायचे. आकडा ७० च्या खाली असेल तर चहाचे तीन चमचे साखर पाण्यात घालून घ्यायची, म्हणजे साधारण १५ ग्रॅम होते. पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजायचे, आणि अजून ७० च्या खालीच असेल तर तेवढीच साखर पुन्हा घ्यायची. वर आली की तिथेच थांबायचे नाही; अर्ध्या तासाच्या आत मूठभर फुटाणे, शेंगदाणे, वाटीभर दही किंवा उसळ असे सावकाश पचणारे काही पोटात गेले पाहिजे. ते खाणेच पुढची घसरण अडवते.

ती वही माझ्यासमोर आहे. पहिल्या महिन्यात सोळा नोंदी. त्यांतल्या सहा वेळाच आकडा ७० च्या खाली होता. सर्वांत कमी ५६, गणिताच्या पेपराच्या दिवशी, चहा आणि खारी खाऊन अडीच तासांनी. उरलेल्या दहा वेळा थरथर होती आणि आकडा ८१, ८८, ९२ असा चांगला होता. मी मनात म्हटले की मुलगी ढोंग करते. बरे झाले, बोलून दाखवले नाही. कारण डॉक्टरबाईंनी सांगितले की साखर वेगाने खाली येत असली तर आकडा ठीक असतानाही छातीत धडधडते. शिवाय काळजीने, अपुऱ्या झोपेनेही हुबेहूब अशीच थरथर होते. अशा वेळी साखर घ्यायची नाही. बसायचे, पाणी प्यायचे, फुटाणे खायचे. थरथर खरी असते आणि तिचे कारण साखर नसते, हे दोन्ही एका वेळी खरे असू शकते.

एकदा आकडा १९० आला आणि आम्ही घाबरलो. तिने नुकताच आंबा कापला होता. हात साबणाने धुऊन, पुसून पुन्हा पाहिले तर ७४. बोटाला लागलेला रस यंत्राला रक्तातला वाटतो. आमच्या वहीच्या पहिल्या पानावर तेव्हापासून तिच्या अक्षरात मोठे लिहिले आहे, “आधी हात धुवा.”

डॉक्टरबाईंनी एक इशाराही दिला होता. जेवणाशी काही संबंध नसताना, पहाटे किंवा बराच वेळ उपाशी असताना साखर उतरत असेल, किंवा शुद्ध हरपत असेल, तर तो प्रकार वेगळा. त्याची तपासणी तातडीने आणि वेगळी करावी लागते. तसे काही तिच्या वहीत नव्हते.

औषध म्हणून मेटफॉर्मिन सुरू झाले. ते एकटे घेतले असता सहसा साखर फार खाली नेत नाही. ते शरीराला थोडे बरे ऐकू येऊ लागेल असे करते. पहिले तीन आठवडे तिच्या पोटात ढवळत होते, मग जेवणाबरोबर कमी मात्रेने सुरू करून वाढवले तेव्हा सोसले. पण खरा फरक पडला तो स्वयंपाकघरात, आणि तिथली सत्ता माझी होती.

पहिली गोष्ट, न्याहारी टाळणे बंद. नुसते पोहे, नुसता उपमा, चहा-पोळी हेही बंद. पोहे केले तर त्यात पोह्यांइतकीच मोड आलेली मटकी आणि वर दाणे. मुगाचे धिरडे. अंडे आमच्याकडे तिला चालते, आबांना नाही, त्यामुळे त्याचे भांडे निराळे. हा वाद मी जाणूनबुजून मिटवलेला नाही. दुपारी ताटात आधी कोशिंबीर आणि उसळ खायची, भाकरी-पोळी आणि भात नंतर. हे मला प्रथम पोरखेळ वाटले. एकाच पोटात जाणार ते आधी काय आणि नंतर काय! पण चोथा आणि प्रथिने आधी गेली की साखर सावकाश चढते, आणि चढ सौम्य असला तर उतारही सौम्य होतो. हा फरक आम्ही वहीत पाहिला. चार वाजताच्या बिस्किटांऐवजी ताक आणि फुटाणे आले.

आणि शतपावली. आपल्या आज्या-पणज्यांनी जेवणावर सांगितलेली ही गोष्ट मीच सोडून दिली होती. चालताना स्नायू इन्शुलिनची फारशी वाट न पाहता साखर ओढून घेतात, असे डॉक्टरबाई म्हणाल्या. म्हणजे ऐकू न येणाऱ्याला हाताला धरून न्यायचे. रात्री जेवल्यावर आम्ही दोघी गल्लीच्या टोकापर्यंत दहा-पंधरा मिनिटे फिरू लागलो. मुलीचे पोट बोलते होते ते त्या वेळी. लग्नाचे जमणार नाही असे एका नातेवाईक बाईने तिला तोंडावर सांगितले होते, मूल होईल का असे तिने स्वतः चोरून वाचले होते. ही सगळी ओझी मला अंधारात चालताना कळली. पीसीओएस असलेल्या पुष्कळ जणींना मुले होतात, काहींना औषधांची मदत लागते, एवढे मी डॉक्टरबाईंना विचारून तिला सांगितले. घरात वजनावर बोलायचे नाही असा नियम केला. तो सर्वांत जास्त वेळा मीच मोडला.

आता यजमानांचे. नातीचे दुखणे नीट समजले नसते तर गेल्या वर्षीच्या गौरीजेवणाला काय झाले असते, याची कल्पना करवत नाही. त्यांना मधुमेहासाठी ग्लिमेपिराइड, मेटफॉर्मिन आणि व्होग्लिबोज एकत्र असलेली गोळी होती, आणि हृदयासाठी मेटोप्रोलॉल. जेवणाच्या पहिल्या घासाबरोबर घ्यायची गोळी त्यांनी घड्याळ पाहून साडेबाराला घेतली. नैवेद्य व्हायला सव्वादोन वाजले. दोनच्या सुमारास ते पानाभोवतीच्या रांगोळीवरून एका सुनेवर ओरडले, मग गप्प झाले, मग विचारलेल्याला भलतेच उत्तर देऊ लागले. मला वाटले, यंत्राची बॅटरी संपली. मी बॅटरी शोधत होते तेव्हा नात त्यांच्या मागे उभी राहून मानेला हात लावत होती. मान गार आणि घामाने ओली होती. हात मात्र स्थिर होते, थरथर अजिबात नव्हती. तिने यंत्र आणले. हात धुवायला नेण्याइतका वेळ नव्हता, तिने ओल्या फडक्याने बोट पुसले. आकडा ४९.

ते शुद्धीवर होते, गिळू शकत होते, म्हणून मी साखरपाणी पाजले. पंधरा मिनिटांनी ५१. माझे हातपाय गळाले. तिने त्यांच्या डॉक्टरांना फोन लावला. ते म्हणाले, “व्होग्लिबोज घेतात ना? त्यांना साधी साखर लवकर लागू पडणार नाही, ग्लुकोजची पूड द्या.” ती गोळी आपल्या साखरेचे विघटन आतड्यात रोखून धरते, ग्लुकोजला विघटन लागतच नाही. घरात भाच्याच्या खेळाच्या पिशवीत ग्लुकोजचा डबा निघाला. आणखी पंधरा मिनिटांनी ७४, मग जेवण, आणि ग्लिमेपिराइडचा अंमल बराच वेळ राहतो म्हणून रात्रीपर्यंत दर तासाला मोजणे. थरथर का नव्हती, तर मेटोप्रोलॉल ती झाकून टाकते. घाम तेवढा झाकत नाही. दुसऱ्या आठवड्यात डॉक्टरांनी त्यांची ती गोळीच बदलली. ७६ व्या वर्षी एचबीए१सी ६.४ असल्याचा आम्हाला अभिमान होता. ते म्हणाले, या वयात साडेसात चालेल, पण अशी घसरण चालणार नाही. आणि एक बजावले. माणूस बेशुद्ध असेल किंवा गिळत नसेल तर तोंडात पाणी, साखर, काही घालायचे नाही, ते श्वासनलिकेत जाते. कुशीवर वळवायचे आणि १०८ ला फोन करायचा.

नातीची मान अजून पूर्ण उजळलेली नाही. काळसरपणा फिका झाला आहे, थर मऊ झाला आहे. पाळी आता पस्तीस-चाळीस दिवसांनी येते. वजन चार किलोंनी उतरले आणि तिथेच थांबले आहे. वर्षभरापूर्वी ती पुढच्या शिक्षणाला पुण्याला गेली. परीक्षेच्या दिवसांत जागरण झाले की वहीत अजूनही एखादा ६५ येतो. केस मात्र ती वर बांधते.

यंदाच्या आषाढीला मी तिला उपवास धर असे म्हटले नाही. तिने आपणहून धरला. दुपारी एकला तिचा फोन आला. राजगिऱ्याचे थालीपीठ, दाण्याची आमटी आणि दही खाऊन तिला तीन तास झाले होते आणि आकडा ८३ होता.

“आबांचा किती?” तिने विचारले.

“घेतेच आहे आता.”

“हात धुतलेत त्यांचे?”

“धुतले गं,” असे सांगून मी फोन ठेवला, आणि आरामखुर्चीत पेंगणाऱ्या यजमानांना उठवून मोरीकडे घेऊन गेले.